ड्रममधलं गणित

सप्टेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातल्या कुठल्याही पांदण रस्त्याने चाला, कपाशीच्या धुऱ्यावर प्लास्टिकचा निळा ड्रम दिसेल. दोनशे लिटरचा. त्यात विहिरीचं पाणी, आणि बाजूला चार-पाच बाटल्या. एक मावा-तुडतुड्यांसाठी, एक बोंडअळीसाठी, एक बुरशीसाठी, एक ‘टॉनिक’, आणि औषध पानाला धरून राहावं म्हणून एक स्टिकर. झाकणाने माप घ्यायचं, काठीने ढवळायचं आणि पाठीवरच्या पंपात ओतत सुटायचं. पाच औषधं पाच वेळा मारायला मजूर आणायचे कुठून? मजुरी परवडायची कशी? म्हणून सगळं एकाच फेरीत. शेतकऱ्याच्या बाजूने हा हिशेब चोख आहे.

प्रत्येक बाटलीवर एक तिरका चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाची नोंदणी होते, त्याच्या विषारीपणाची तपासणी होते आणि त्यावरून हा रंग ठरतो. कंपनीने कारखान्यातच दोन औषधं एकत्र करून विकायची म्हटली तर त्या मिश्रणाची वेगळी नोंदणी लागते. धुऱ्यावरच्या ड्रमला मात्र रंग नसतो. त्यातलं मिश्रण त्या सकाळी, त्या माणसाने, कृषी केंद्रवाल्याच्या सल्ल्याने पहिल्यांदाच तयार केलेलं असतं.

आता दुसरा आकडा. ते ढवळणाऱ्या माणसाच्या दोन किडन्या रोज सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. म्हणजे जवळजवळ तो ड्रमच, दिवसाला एक.

यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. किडनी मुठीएवढी, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्का भरतात. तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, दर मिनिटाला त्यांच्याकडे जातो. एका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब, वळणावळणाची नलिका जोडलेली असते. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, आपल्या अंगात सगळा मिळून तीन लिटरच. तो दिवसातून साठेक वेळा या गाळण्यांतून पार होतो. गाळलेल्या १८० लिटरांत मीठच जवळपास दीड किलो असतं. लघवी होते दीड लिटर. उरलेलं सगळं पाणी आणि बहुतेक सगळं मीठ त्या नलिका परत रक्तात ओढून घेतात.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? सरळ नको तेवढंच उचलून बाहेर टाकलं असतं तर? इथेच या अवयवाची खरी करामत आहे. दिवाळीच्या आवराआवरीत घरातलं झाडून सगळं सामान अंगणात काढावं आणि लागेल तेवढंच मोजून आत न्यावं, तशी ही पद्धत आहे. तिच्यात केरकचरा ओळखावा लागत नाही. कामाचं काय तेवढं माहीत असलं की पुरतं. साखर, मीठ, अमिनो आम्लं आत, आणि बाकीचं जे काय असेल ते आपोआप बाहेर. लाखो वर्षांत कुठल्याही प्राण्याने न पाहिलेलं, परवा प्रयोगशाळेत जन्मलेलं रसायन रक्तात आलं तरी किडनीला त्याची ओळख पटवत बसावं लागत नाही. मला तरी शरीरातली ही सगळ्यांत हुशार युक्ती वाटते.

पण ती महागात पडते ती नलिकेच्या पहिल्याच टप्प्यात. गाळलेल्या पाण्यातला दोन-तृतीयांश भाग या टप्प्यातल्या पेशी परत ओढतात. अहोरात्र हमाली करणाऱ्या या पेशींना ऊर्जा प्रचंड लागते, आणि सामान आत-बाहेर करण्यासाठी त्यांच्या भिंतींत कितीतरी प्रकारची प्रथिनांची दारं असतात. काही दारं तर उलट्या कामासाठी असतात: गाळणीतून सुटलेला नको तो माल रक्तातून थेट खेचून लघवीत टाकण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन सोन्यापेक्षा दुर्मीळ होतं आणि या दारांतून ते इतक्या झपाट्याने बाहेर पडायचं, की डॉक्टर रुग्णांची लघवी साठवून त्यातून ते परत मिळवत. पुढे प्रोबेनेसिड नावाचं औषध आलं. त्याने तेच दार अडवलं की पेनिसिलिन रक्तात जास्त वेळ टिकायचं. एक रसायन दुसऱ्याचा रस्ता अडवू शकतं, हे वैद्यकाला तेव्हापासून ठाऊक आहे. शेतात मात्र ते फारसं कुणी बोललं नाही.

तणनाशकंही याच दारांतून जातात. २,४-डी आम्लवर्गीय पदार्थांच्या दाराने पेशीत शिरतं, पॅराक्वाट दुसऱ्या, धनभारित पदार्थांच्या दाराने. पॅराक्वाट पोटात गेलेल्या माणसाची किडनी आधी कोसळते आणि किडनी कोसळली की विष बाहेर टाकण्याचा मुख्य रस्ताच बंद होतो. मग ते फुप्फुसात साठत जातं. युरोपीय संघात ते २००७पासून बंद आहे.

कॅडमियमची चाल आणखी सावकाश. फॉस्फेटयुक्त खतं ज्या खडकापासून बनतात त्यात हा धातू थोडाफार असतो. तो खतातून मातीत, मातीतून धान्यात आणि धान्यातून आपल्यात येतो. यकृत त्याला एका प्रथिनात बांधून निरुपद्रवी करतं. मात्र ते प्रथिन गाळणीतून खाली आलं, की नलिकेतल्या पेशी ‘प्रथिन आहे, कामाचं आहे’ म्हणून ते इमानदारीने आत ओढून घेतात. आत प्रथिन पचतं, कॅडमियम मोकळं होतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. ते निम्म्यावर यायला दहा ते तीस वर्षं लागतात.

हे सगळं बुलढाण्याच्या संदर्भात सांगायचं कारण तिथली जमीन आणि पाणी. जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलताना सहज करतात, घाटावर आणि घाटाखाली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. अजिंठ्याचे डोंगर उतरून खाली आलं की पूर्णेचं खोरं लागतं आणि पलीकडे सातपुडा उभा असतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतला मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. हाच पट्टा पुढे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरला आहे. इथे गाळाची, चिकण काळी माती खूप खोलवर आहे. तिच्यातून पाणी पुढे सरकत नाही, उन्हाने वर खेचलं जातं, आणि क्षार मागे उरतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा पर्यायच नसेल तर २०००पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. या पट्ट्यातल्या अनेक विहिरी आणि हापशा ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. मचूळ पाणी घशाखाली उतरत नाही, तेव्हा माणूस कमी पितो. मे महिन्यात पारा ४४-४५च्या घरात असताना आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाठीवर पंधरा लिटरचा पंप असतानाही.

कमी पाणी प्यायल्याने नलिकेत काय होतं याचं गणित सोपं आहे. १८० लिटरांचं दीड लिटर झालं, म्हणजे जो पदार्थ परत ओढला जात नाही तो लघवीपर्यंत पोचताना १२० पट दाट झाला. घाम गाळलेल्या माणसाची लघवी अर्ध्या लिटरवर आली, की तोच पदार्थ ३६० पट दाट. औषध तेवढंच, पाणी मात्र तिपटीने कमी. फवारणी करून आलेला माणूस रात्री पाठ-कंबर दुखते म्हणून दुकानातली वेदनाशामक गोळी घेतो, तेव्हा त्यात आणखी भर पडते, कारण डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आखडतात. याच डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं जवळजवळ संपवली. औषध दिलेल्या गुरांचं मांस खाल्ल्यावर त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या. हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६मध्ये भारताने जनावरांसाठी ते बंद केलं.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत किडनीचे रुग्ण गावोगावी असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. वान धरणाचं पाणी आणणारी १४० गावांची पाणीपुरवठा योजना याच दोन तालुक्यांसाठी आहे. लोकांचा रोष खाऱ्या पाण्यावर आहे आणि तो रास्तही आहे. पण नुसतं मीठ एवढं करत असेल का, हा प्रश्न विचारावाच लागतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे मांडला, त्यांनी २०१० साली ‘क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी’ या नियतकालिकात महाराष्ट्रातल्या एका लहान गावाचा वृत्तांत दिला होता. विषय होता पिण्याच्या पाण्यातले जड धातू आणि किडनीचा जुनाट आजार.

आता पुन्हा ड्रमकडे. दोन विषं एकत्र आली की त्यांची बेरीज होते, असं आपण धरून चालतो. १९५७ साली अमेरिकेत कुत्र्यांवरच्या प्रयोगात ईपीएन आणि मॅलेथिऑन ही दोन कीटकनाशकं एकत्र दिली, तेव्हा बेरजेपेक्षा कितीतरी जास्त परिणाम दिसला. मॅलेथिऑन माणसाला तसं सौम्य मानलं जातं, कारण आपल्या अंगात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाची विकरं असतात आणि ती त्याचे झटपट तुकडे करतात. ईपीएन नेमकी तीच विकरं निकामी करतं. मग सौम्य मॅलेथिऑन सौम्य राहत नाही. १९७६मध्ये पाकिस्तानात हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेत तर दुसरं औषध घालायचीही गरज पडली नाही. साठवणुकीत मॅलेथिऑनच्या भुकटीत आयसोमॅलेथिऑन नावाची अशुद्धी तयार झाली आणि तिने तेच काम केलं. साडेसात हजार फवारणी कामगारांपैकी २८०० जणांना विषबाधा झाली, पाच दगावले. डब्यावरचं नाव शेवटपर्यंत मॅलेथिऑनच होतं.

२०१७च्या जुलै ते ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. अकोला, अमरावती, बुलढाण्यातही बाधेच्या नोंदी झाल्या. तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं तयार मिश्रण होतं. सायपरमेथ्रिन शरीरात मोडतं ते याच कार्बॉक्सिलएस्टरेजच्या जोरावर, आणि प्रोफेनोफॉस याच विकरांना रोखतं. अळीच्या पोटात हे हवंच असतं, मिश्रणाची ताकद तिथूनच येते. फवारणाऱ्या माणसाच्या यकृतातली विकरंही त्याच कुळातली असतात. यवतमाळचे मृत्यू तीव्र विषबाधेचे होते, किडनीच्या जुनाट आजाराचे नव्हेत. तरी रसायनं एकमेकांना कशी हात देतात हे त्यातून स्वच्छ कळतं.

किडनीच्या बाबतीत अशीच एक जोडगोळी श्रीलंकेत चर्चेत आली. १९९०च्या दशकापासून तिथल्या उत्तर-मध्य प्रांतात, अनुराधापूरच्या आसपास, मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा भातशेतकऱ्यांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. नाव पडलं ‘अज्ञात कारणाचा किडनीचा जुनाट आजार’. आपल्याकडे आंध्र प्रदेशात श्रीकाकुलमच्या उद्दानम भागातही तोच आजार. २०१४मध्ये चन्ना जयसुमाना आणि सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला. ग्लायफोसेट तणनाशक म्हणून १९७०च्या दशकात बाजारात आलं, पण त्याआधी १९६४ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं होतं ते धातूंना पकडून ठेवणारं रसायन म्हणून. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ग्लायफोसेटला पकडतं. म्हणूनच जड पाण्यात ते तणावर नीट चालत नाही आणि त्यात अमोनियम सल्फेट मिसळायला सांगतात. जयसुमानांचं म्हणणं असं, की ग्लायफोसेट जड पाण्यातल्या आर्सेनिक-कॅडमियमसारख्या धातूंनाही असंच बांधत असावं आणि त्यांना थेट किडनीपर्यंत पोचवत असावं. श्रीलंकेने २०१५मध्ये ग्लायफोसेटवर बंदी घातली, २०१८मध्ये चहा-रबरासाठी ती सैल केली आणि २०२२मध्ये उठवली. भारताने २०२२मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रणाच्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला.

हा तर्क सिद्ध झालेला नाही. त्याला तोडीस तोड दुसरी बाजू मध्य अमेरिकेतून येते. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमधल्या ऊसतोड मजुरांना असाच आजार होतो, आणि तिथले बरेच संशोधक मुख्य गुन्हेगार म्हणून उष्णतेकडे बोट दाखवतात. मजुरांना सावली, विश्रांती आणि पाणी सक्तीने दिल्यावर किडनीला होणारी इजा कमी झाल्याचं तिथे दिसलं आहे. तर २०२०मध्ये बेल्जियमचे मार्क द ब्रो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अशा रुग्णांच्या किडनीच्या तुकड्यांत, नेमक्या नलिकेच्या त्या पहिल्या टप्प्यातल्या पेशींत, विद्रूप झालेले लायसोसोम (पेशीतल्या पचनाच्या पिशव्या) दाखवले आणि कारण विषारी असल्याचा दावा केला. तोही सगळ्यांना मान्य नाही. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनामधल्या पंचावन्न हजारांहून अधिक फवारणीकारांच्या पाहणीत ज्या औषधांचा डायलिसिसपर्यंत जाणाऱ्या आजाराशी संबंध दिसला, त्यांत पॅराक्वाट आणि पेंडिमेथॅलिन ही तणनाशकं होती. सोयाबीनवाल्यांना पेंडिमेथॅलिन वेगळं सांगायला नको.

मला यातलं ‘ऊन की औषध’ हे भांडणच चुकीचं वाटतं. उन्हाने नलिकेतलं पाणी आटतं, आटलेल्या पाण्यात औषध दाट होतं, खारं पाणी प्यावंसं वाटत नाही, वेदनाशामक गोळी रक्तपुरवठा आखडते, आणि जुनं कॅडमियम आधीच पेशीत बसलेलं असतं. घाटाखालच्या एकाच माणसाच्या अंगात हे पाचही जण एकाच दिवशी भेटू शकतात. त्यातल्या एकेकाला वेगळं काढून ‘हा मर्यादेच्या आत आहे’ असं म्हणायला तज्ज्ञ मोकळे, आणि प्रत्येकाचं म्हणणं खरंही असेल.

एकच कारण असलं तरी ते सापडायला किती वेळ लागतो, याचा बाल्कन देशांतला नमुना पाहा. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांतला किडनीचा आजार १९५०च्या दशकात नोंदला गेला. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या ॲरिस्टोलोकिया नावाच्या तणाचं बी पिठात जातं आणि त्यातलं आम्ल किडनी पोखरतं, हे पक्कं व्हायला २००७ उजाडलं. शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५मध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हाही आधी बोट पाण्याकडेच गेलं होतं. डॉ. बावस्करांनी ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे वळवलं.

किडनीच्या बाबतीत वेळ आणखी जातो, कारण ती बोलत नाही. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाची तपासणी सगळीकडे होते, पण निम्मी ताकद जाईपर्यंत तो आकडा बहुधा ‘नॉर्मल’च दिसतो. मधुमेहाच्या किडनीविकारात लघवीतून अल्ब्युमिन जातं, म्हणून साध्या पट्टीवर कळतं. नलिकांच्या आजारात ते फारसं जात नाही, पायांवर सूज नसते, रक्तदाबही बऱ्याचदा ठीक असतो. माणूस थकवा घेऊन दवाखान्यात येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तेव्हा घाटाखालच्या वाचकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर क्रिएटिनिन करून घ्या आणि डॉक्टरांना त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढायला सांगा. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक जास्त बोलतो. फवारणीच्या दिवशी दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि कृषी केंद्राची बिलं फेकू नका. कोणत्या तारखेला ड्रममध्ये काय-काय एकत्र केलं ते त्याच बिलामागे लिहा आणि ती बिलं दवाखान्याच्या फाइलीत लावा. त्या मिश्रणाची दुसरी कुठलीही नोंद कुणाकडे नसते.